'जोडीदार कसा हवा?' या प्रश्नाला आपण स्वतःचंच वर्णन करून उत्तर देतो का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

मागच्या आठवड्यात जुना फोन रिकामा करत होतो. त्यात सहा वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. शीर्षक: 'कशी हवी'. खाली सात ओळी. बोलकी. चार लोकांत मिसळणारी. धाडसी. झटकन निर्णय घेणारी. विनोदी. माझ्यासारखं सतत डोकं न खाजवणारी. आणि शेवटी, दोन प्रश्नचिन्हं टाकून, 'मला सांभाळून घेणारी??'

आधी हसू आलं, मग चरकलोच. प्रत्येक ओळ उलटी करून वाचली तर माझं वर्णन निघत होतं: घुम्या, माणूसघाणा, भित्रा, धरसोड्या, रटाळ. यादी मुलीची म्हणून लिहिली होती, पण त्या काळात मी स्वतःला काय समजत होतो त्याची ती निगेटिव्ह होती. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर काळ्याचं पांढरं दिसायचं ना, तशी.

पुढची गंमत म्हणजे यादीत तंतोतंत बसणारी मुलगी मला भेटली. दीड वर्ष आम्ही बरोबर होतो. मुलगी गुणाची होती, तिच्याबद्दल आजही तक्रार नाही. एक प्रसंग तेवढा सांगतो. मित्रांच्या घोळक्यात कुणीतरी मला विचारलं, "तुझं काय मत?" मी म्हटलं, "मला वाटतं..." आणि शब्द जुळवायला थांबलो. दोन सेकंद असतील. तेवढ्यात तिनं माझं वाक्य पुरं करून टाकलं. मनात काही नव्हतं तिच्या, आणि मला जमलं असतं त्यापेक्षा किती तरी छान बोलली. सगळे हसले, मीही हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, मला बरोबर उलटं म्हणायचं होतं.

असं शंभरदा झालं असेल. शेवटी वेगळे झालो, न भांडता.

आता मला वाटतं की मी घुम्या नव्हतोच. मी हळू बोलणारा आहे. घुम्याला वाटतं आपल्याला बोलकी हवी. हळू बोलणाऱ्याला थांबणारी लागते. माणूस तोच, पण स्वतःला नाव कोणतं दिलं यावर शोध कुणाचा घ्यायचा ते बदललं.

थोडं वाचनही केलं. हा वाद बराच जुना आहे. १९५०च्या दशकात रॉबर्ट विंच यांनी मांडलं की आपल्या गरजा भरून काढणारा, म्हणजे पूरक स्वभावाचा माणूस आपण निवडतो. हुकूम सोडणाऱ्याला नमतं घेणारा सापडतो. डॉन बर्न यांनी १९६०च्या दशकात प्रयोग करून उलटी बाजू दाखवली: अनोळखी माणसानं भरलेली म्हणून एक प्रश्नावली हातात द्यायची, त्यातली मतं आपल्याशी जितकी जुळतील तितका तो न पाहिलेला माणूस आवडायला लागतो. मला सगळ्यात मजा वाटली ती २००८च्या एका डच अभ्यासाची. डाइकस्ट्रा आणि बारेल्ड्स यांनी ७६० एकट्या, शिकलेल्या लोकांना विचारलं. सरळ विचारल्यावर बहुतेकांनी 'पूरक जोडीदार हवा' म्हणून सांगितलं. मग स्वतःचा स्वभाव वेगळा आणि हवा तो स्वभाव वेगळा असं नोंदवायला लावलं, तर दोन्ही एकमेकांच्या जवळ निघाले!

म्हणजे तोंडानं 'माझ्यापेक्षा वेगळा हवा' आणि मनात 'माझ्यासारखाच'. माझं दोन्हीकडून फसलं, कारण 'माझ्यासारखा' मधला 'मी' कोण, तिथंच माझा घोळ होता.

तर प्रश्न असा: जोडीदाराच्या स्वभावाबद्दलच्या तुमच्या अपेक्षा स्वतःबद्दलच्या कोणत्या समजुतीतून आल्या? आणि ती समजूत खरी निघाली का?

खोडरबर

रुमाल टाकून ठेवतोय. सविस्तर नंतर.

(माझी यादी एका शब्दाची होती: 'हो म्हणणारी'. तीन वर्षं लागली.)

निळाई

अर्धविराम, ते अर्धवट वाक्याचं वाचून पोटात तुटलं.

माझी समजूत: 'मी दिसते तेवढी हुशार नाही, एक दिवस सगळ्यांना कळणार.' त्यातून अपेक्षा काय आली असेल? परखड माणूस हवा. 'तोंडावर सांगणारा' हे माझं त्या वेळचं पालुपद होतं. तसा मिळालाही. मी काहीही लिहिलं की तो आधी चुका काढायचा आणि मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, किती प्रामाणिक आहे म्हणून. चार वर्षं मी अपमानाला प्रामाणिकपणा म्हणत होते.

त्याच्यानंतर जो आला (आता नवरा आहे) तो कौतुक करणारा. तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिले सहा महिने मला तो जरा मठ्ठच वाटायचा. मनात सरळ हिशोब होता: याला मी हुशार वाटते, म्हणजे याला काही कळत नाही. एकदा माझं एक भाषण झालं, बऱ्यापैकी मोठ्या सभेत. उतरल्यावर म्हणाला, "छान झालं." मी लगेच, "कुठला भाग?" तो गडबडला. झालं, माझा मुद्दा सिद्ध! अजूनही ती सवय गेलेली नाही. त्यानं "छान" म्हटलं की माझ्या तोंडून "कुठला भाग?" निघतंच. तो बिचारा आता आधीच एखादा भाग हेरून ठेवतो.

मला विचाराल तर ही नुसती आवडनिवड नव्हे. जो आपल्याला वाईट ठरवतो त्याच्यावर विश्वास बसतो, हे भयंकर आहे.

काजवा

निळाईताई, तुम्ही लिहिलंय त्यावर बरंच काम झालेलं आहे. माझं शिक्षण याच विषयातलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

विल्यम स्वान यांनी १९८०च्या दशकात मांडलेली कल्पना अशी की माणसाला कौतुक हवं असतंच, पण त्याहून जास्त हवं असतं ते 'मी स्वतःला जसा ओळखतो तसंच समोरच्यानं मला ओळखावं' हे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली विवाहित जोडप्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. स्वतःबद्दल चांगलं मत असलेल्यांची बांधिलकी त्यांना चांगलं म्हणणाऱ्या जोडीदाराशी जास्त होती, यात नवल नाही. पण स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांची बांधिलकी त्यांना कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी जास्त निघाली.

याचा अर्थ 'त्यांना अपमान आवडतो' असा काढू नका, कृपया. कारण बहुधा साधं आहे: पायाखालची जमीन हलू नये असं प्रत्येकाला वाटतं. जो मला माझ्याच मापानं मोजतो त्याच्याबरोबर पुढे काय होणार हे कळतं. जो भलतंच उंच माप लावतो त्याचा कधी ना कधी अपेक्षाभंग होणार, ही धास्ती राहते. 'एक दिवस सगळ्यांना कळणार' हे तुमचं वाक्य तेच सांगतंय.

१९९४चं पुढचं काम त्याहून रंजक. नुसतं प्रेमात असलेल्यांना कौतुक करणारा साथीदार जवळचा वाटत होता. लग्न झालेल्यांना मात्र जो त्यांना 'ओळखून' होता तो. म्हणजे फिरताना, भेटताना आपण आरशाला थोडी झिलई मागतो, आणि एकदा मुक्काम ठोकला की आरसा खराच हवा असतो. मधल्या काळात आरसा बदलला नाही तर कुरबुरी सुरू. (हा शेवटचा निष्कर्ष माझा, त्यांचा नव्हे.)

'कुठला भाग?' बद्दलही सांगतो. सँड्रा मरे आणि जॉन होम्स यांच्या गटाला २०००च्या सुमारास दिसलं की ज्यांचा आत्मसन्मान कमी असतो ते जोडीदाराच्या मनातलं आपलं चित्र आहे त्यापेक्षा कमी चांगलं समजतात. जोडीदार खरोखर काय मानतो हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग २००७ साली मॅरिगोल्ड, होम्स आणि रॉस यांनी एक साधी युक्ती वापरली. जोडीदारानं केलेलं एखादं कौतुक आठवायचं, आणि 'त्याला असं का वाटलं, त्याचा माझ्यासाठी अर्थ काय, आमच्या नात्यासाठी अर्थ काय' हे लिहायचं. कौतुक खरं की खोटं, ही तपासणी नाही. एवढ्यानं कमी आत्मसन्मानाच्या लोकांना नात्यात जास्त सुरक्षित वाटलं आणि दोन आठवड्यांनीही तो परिणाम टिकून होता.

'कुठला भाग?' ही तपासणी आहे. 'तुला तसं का वाटलं?' हे संभाषण झालं. फरक बारीक आहे.

खोडरबर

काजवा, प्रतिसाद साठवून ठेवला. आमच्या घरी दोन्ही नाहीत. 'छान' म्हटलं की 'आता काय हवंय?' असं येतं.

तर्कटराव

सगळे भावुक झालेत, तेव्हा पाणी ओतायचं काम माझ्याकडे.

धागाकर्त्याचा पायाच मला ठिसूळ वाटतो. याद्यांना एवढं महत्त्व कशाला? ईस्टविक आणि फिंकेल यांनी २००८ साली १६३ विद्यार्थ्यांना चार-चार मिनिटांच्या झटपट भेटी घडवल्या. कसा जोडीदार हवा ते आधी लिहून घेतलं होतं. प्रत्यक्षात कोण आवडलं याच्याशी त्या लिहिलेल्या पसंतीचा मेळ बसला नाही. २०१७ साली सामंथा जोएल यांनी याच दोघांबरोबर शंभरहून जास्त मोजमापं संगणकाला शिकवली. कोण एकंदरीत चोखंदळ आहे, कोण एकंदरीत सगळ्यांना आवडतं, हे थोडंफार सांगता आलं. 'या दोघांचं जमेल' हे मात्र अजिबात नाही.

आणि स्वभाव जुळण्याचं म्हणाल, तर डायरनफोर्थ आणि मंडळींनी २०१० साली तीन देशांतल्या मोठ्या पाहण्या चाळल्या. नात्यातल्या समाधानात स्वभावसाम्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी. सर्वात मोठा वाटा स्वतःच्याच स्वभावाचा, त्याखालोखाल जोडीदाराच्या.

तेव्हा स्वतःला घुम्या म्हणा की हळू बोलणारा, जीव जडायचा तिथं जडतो. बाकी मागाहून रचलेल्या गोष्टी.

अर्धविराम

तर्कटराव, आकडे मान्य. पण चार मिनिटांची भेट घडवून आणलेली होती, हे विसरताय. समोर कोण बसणार हे त्या मुलांनी ठरवलंच नव्हतं. एरवी समोर कोणाला बसू द्यायचं हेच माझी यादी ठरवत होती.

उदाहरण देतो. त्याच काळात एका कार्यशाळेत एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी आम्ही जिन्यात उभं राहून पाऊण तास बोललो. खरं तर मीच बोललो, आणि तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. घरी येऊन मित्राला सांगितलं, "चांगली आहे रे, पण शांत आहे. दोन शांत माणसं एकत्र म्हणजे दुखवटाच." एका वाक्यात विषय मिटवला. चार मिनिटं सोडा, तिला मी शून्य मिनिटं दिली. जीव कुठं जडेल हे यादी सांगत नसेल, पण दार कुणाला उघडायचं हे तीच सांगते.

आणि तुम्ही जे शेवटी लिहिलंत, की सर्वात मोठा वाटा स्वतःच्याच स्वभावाचा, ते तर माझ्याच बाजूला आलं की!

तर्कटराव

गाळणीचा मुद्दा मान्य. त्या बाजूनं विचार केला नव्हता.

शेवटचं मान्य नाही. स्वभाव वेगळा आणि स्वतःच्या स्वभावाबद्दलची समजूत वेगळी. त्या पाहण्यांत लोकांनी स्वतःच स्वतःला गुण दिलेले असतात, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते, हे मात्र कबूल. अर्धा गुण घ्या.

जुनाट

वय त्रेसष्ट. अनुभवाचं लिहितो, अभ्यासाचं काजवा पाहून घेतील.

इथं सगळे स्वतःला कमी समजणाऱ्यांबद्दल लिहिताहेत. माझं दुखणं उलटं. मी तरुणपणापासून स्वतःला समजूतदार समजत आलो. कॉलेजात भांडणं मिटवायला मला बोलवायचे, घरात मोठी माणसं माझं उदाहरण द्यायची. छान वाटायचं. आता समजूतदार माणसाला समजूत काढायला कोणीतरी लागतं! मी बरोबर तापट मुलगी निवडली. मित्रांना वाटलं प्रेमात आंधळा झालोय. मुळीच नाही. तिचा ताप ही माझी रोजची हजेरी होती.

बावीस वर्षांत मी एकदाही आवाज चढवला नाही. याचा मला केवढा अभिमान! तिनं काही म्हटलं की मी खालच्या पट्टीत "बरं, तुझं म्हणणं समजलं" म्हणायचो. शेवटच्या वर्षी एकदा ती म्हणाली, "तू एकदा तरी चिडलास ना, तर मी एकदा तरी शांत होईन." मला ते भांडणातलं वाक्य वाटलं. ते निदान होतं, हे समजायला घटस्फोट आणि वर आणखी तीन वर्षं लागली. मी शांत राहण्याची जागा अडवून बसलो होतो. तिला उरलेली जागा घ्यावी लागली.

पन्नाशीनंतर दुसरं लग्न केलं. ही बाई स्वतःची समजूत स्वतः काढते. रुसली तर तासाभरानं आपण होऊन येऊन काय खुपलं ते सांगते. सुरुवातीचे महिने मी अक्षरशः बेकार झालो होतो. घरात वावरताना हात कुठं ठेवावेत कळेना. एकदा मीच उगाच कुरापत काढली, आणि काढताना मला दिसलं की मी ती काढतोय. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडलो. कशावरून ते सांगण्याच्या लायकीचं नाही.

आता कुणी विचारलं तर स्वतःला समजूतदार म्हणत नाही. बरा आहे म्हणतो.

निळाई

जुनाट काका, 'तिला उरलेली जागा घ्यावी लागली' हे वाचून उठून दोन फेऱ्या मारून आले.

मूकवाचक

पहिलाच प्रतिसाद. वय सव्वीस.

तुम्हा सगळ्यांना निदान चुकीचं का होईना, स्वतःबद्दल काही ठाम वाटत होतं. मला तेच नाही. एका मैत्रिणीबरोबर असते तेव्हा मी बडबडी. दुसऱ्या गटात कोपऱ्यात. परवा कुणीतरी विचारलं, कसा मुलगा हवा, तर मी समोरच्यालाच विचारलं, तुला काय वाटतं, मला कसा शोभेल? त्यानं जे सांगितलं ते मला पटलंही. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी बरोबर उलटं सांगितलं, तेही पटलं! अशा माणसानं काय करायचं?

काजवा

मूकवाचक, स्वागत. यालाही नाव आहे. जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९०च्या दशकात हे वेगळं काढून दाखवलं: स्वतःबद्दल चांगलं वाटतं की वाईट, ही एक गोष्ट, आणि स्वतःचं चित्र किती स्पष्ट आहे ही दुसरी. चित्र धूसर असलं की समोरचा जे रंग भरेल ते पटतात. सव्वीसाव्या वर्षी तर यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

माझी सूचना अशी, की विशेषणं लिहूच नका. बोलकी, शांत, धाडसी हे शब्द फसवे. अर्धविरामांचं काय झालं ते वर आहेच. प्रसंग लिहा. 'अमुक माणसाबरोबर होते तेव्हा मी अशी वागले आणि तसं वागणं मला आवडलं.' असे सात-आठ जमले की त्यातल्या माणसांत काय समान आहे ते बघा. कोणाबरोबर बडबडता आणि कोणाबरोबर कोपरा धरता, यातच माहिती आहे.

अवांतर: कॅरिल रझबल्ट आणि स्टीफन ड्रिगोटस यांच्या गटानं १९९९ साली याला मायकेलँजेलोचं नाव दिलं. तो म्हणे दगडात मूर्ती आधीपासून असते असं मानायचा, शिल्पकारानं फक्त आजूबाजूचं काढून टाकायचं. जोडीदार आपल्याला आपल्या मनातल्या आदर्श 'मी'सारखं वागवत राहिला तर आपण हळूहळू तिकडे सरकतो आणि नातंही बरं चालतं, असं त्यांना आढळलं. जोडीदाराच्या मनातल्या आदर्शासारखं घडवलं तर मात्र ते हे नव्हे. तिथं दगड फुटतो.

खोडरबर

म्हणजे 'मला बदलायला बघू नकोस' यावर आता 'मी फक्त आजूबाजूचं काढतेय' असं उत्तर मिळणार. काजवा, असलं उघड्यावर लिहीत जाऊ नका हो.

गंमत बाजूला. काल रात्री हा धागा वाचून 'हो म्हणणारी'चा विचार करत बसलो. मला 'नाही' ऐकायची इतकी भीती का होती? मी कोणाला कधी सरळ विचारलंच नव्हतं. दरवेळी विनोद करायचो, म्हणजे नकार आला तरी तो विनोदाला आला असं म्हणता यावं. आत्ताही तेच करतोय बहुतेक. असो.

अर्धविराम

खोडरबर, हा तुमचा आजवरचा सर्वात लांब प्रतिसाद आहे आणि मी तो मधे न बोलता वाचला.

मूकवाचक, काजवांनी सांगितलेलं मी काल करून पाहिलं. सात प्रसंग निघाले. पाचांमध्ये समोरचा माणूस काहीतरी हातानं करत होता: सायकल दुरुस्त करणारा मित्र, विणकाम करणारी आत्या, कागद लावत बसलेली एक सहकारी. माझ्याकडे कुणी टक लावून बघत नसलं की मला बोलता येतं. हे कुठल्या विशेषणात बसवू?

मूकवाचक

माझे तीनच झाले. पण तिन्ही रात्रीचे आहेत. बघते अजून.

निळाई

काल माझा वरचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं पूर्ण वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला, "छान लिहिलंयस." मी ओठ गच्च मिटून बसले. काजवांचं लक्षात होतं.

पाच मिनिटं गेली. शेवटी त्यालाच राहवेना. "कुठला भाग, ते विचारलं नाहीस?"

"बरं, कुठला?"

"मला काही कळत नाही, तो."